सुट्या टाइलचं गिऱ्हाईक

फणसळकर सरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते माझ्या दुकानात पँट दुमडून, अनवाणी, ओल्या टाइलवर एका पायावर उभे होते.

यात माझी काही चूक नव्हती. मी एवढंच म्हणालो होतो, ‘‘सर, ही घ्या. ही घसरत नाही.’’

‘‘कशावरून?’’

धंद्यात इतकी वर्षं काढली. गिऱ्हाईक ‘कितीला?’ विचारतं, ‘शेवटचं बोला’ म्हणतं, ‘समोरचा कमी लावतोय’ अशी थाप मारतं. या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं तयार असतात. ‘कशावरून’ला नव्हतं. मी म्हणालो, ‘‘कंपनी सांगते.’’ ते म्हणाले, ‘‘आणि कंपनीला कोण सांगतं?’’ मग त्यांनी काउंटरवरचा जग उचलला, टाइलवर पाणी ओतलं, चपला काढल्या आणि वर चढले. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग डोळे मिटून. दुकानात नव्या फ्लॅटसाठी टाइल बघायला आलेलं एक जोडपं होतं. बाईंनी नवऱ्याला विचारलं, ‘‘अहो, आपणही बघूया का उभं राहून?’’ त्या दोघांनी उभं राहून पाहिलं आणि ‘विचार करून येतो’ म्हणून गेले. ते अजून विचार करतायत.

‘‘खरंच घसरत नाही,’’ सर खाली उतरून म्हणाले. बोलण्याची तऱ्हा अशी, की शंका मीच काढली होती. ‘‘पण मला ही नको. साधी पांढरी द्या. सुट्या आठ.’’

माझं दुकान कल्याण-शीळ रस्त्यावर आहे, शीळफाट्याच्या अलीकडे. काचेचं तोंड, आत एसी. माझे वडील खाडीतून रेती काढायचे आणि मी त्याच रेतीची घमेली वाहून सुरुवात केली. म्हणजे मला कोणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही देत नाही. सुटी टाइल मी विकत नाही. खोकं फुटलं की उरलेल्या टाइल मेल्या, त्यांना कोणी विचारत नाही. हे मी सरांना ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात सांगितलं की गिऱ्हाईक बहुतेक निघून जातं.

सर गेले नाहीत. त्यांना घासाघीस अजिबात येत नव्हती. ‘कमी करा’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. मी भाव सांगायचो, ते ‘‘कशावरून?’’ विचारायचे. मी वाहतूक सांगायचो, फूटतूट सांगायचो, आणि सांगता सांगता मीच खाली यायचो. असा माणूस बाजारात फार धोकादायक. त्या दिवशी आठ सुट्या टाइल घेऊन ते शेअर रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला विचारताना दिसले. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग ते दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला यायला लागले. कधी सहा, कधी नऊ. खोकं कधी नाही.

कल्याणच्या पलीकडे टेकडीच्या पायथ्याशी एक विद्यापीठ आहे, त्याचं नाव सांगत नाही. तिथे शिकवण्यापेक्षा संशोधन जास्त चालतं असं म्हणतात. तिथली संडासं मी टाइल केलेली आहेत, त्यामुळे इमारत मला माहीत होती. आत काय चालतं ते माहीत नव्हतं. ते मला सरांच्या टाइलमुळे कळलं.

तिथले बाकीचे प्रोफेसर पीएचडीची मुलं घेतात. सर उन्हाळ्याच्या सुट्टीत बीएस्सीची मुलं संशोधनाला घ्यायचे, तीही दुसऱ्या वर्षाची, कुठल्याही कॉलेजची. मी एकदा विचारलं, ‘‘एवढी लहान का? मोठी मुलं हुशार नसतात?’’

‘‘फार हुशार असतात, भोईरशेठ. काय विचारायचं नाही ते त्यांना कळलेलं असतं.’’

या मुलांना ते सुरुवातीला एकाही यंत्राला हात लावू द्यायचे नाहीत. प्रत्येकाला एक पांढरी टाइल, आणि टाइलवर खाडीचा मूठभर चिखल. तो पातळ पसरायचा आणि बघत बसायचं. पांढऱ्यावर बारीक किडे, गोगलगायी, शेवाळ सगळं दिसतं. प्रश्न सापडेपर्यंत बघायचं. एक मुलगा म्हणे दुपारपर्यंत बघून म्हणाला, ‘‘सर, यात काही नाहीये.’’ सर म्हणाले, ‘‘कशावरून?’’ तो पुन्हा बसला.

आणि या मिसरूड न फुटलेल्या पोरांना ते अहो-जाहो करायचे. ‘‘अहो संकेत, तुमची गोगलगाय पळाली बघा.’’ कारण विचारलं तर म्हणायचे, प्रश्न विचारणाऱ्याला अरे-तुरे करू नये. माझ्या दुकानातल्या कामगारांनी हे ऐकलं आणि आठवडाभर एकमेकांना ‘अहो’ म्हणत होते.

इथवर सर मला चालत होते. वर्षातून एकदा डोकं खाणारं गिऱ्हाईक प्रत्येक धंद्यात असतं. बिघडलं ते माझ्या मुलीपासून.

प्रांजल आमची एकुलती एक. डोंबिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं तेव्हाच मी म्हणालो होतो, डॉक्टरकी नाही तर निदान औषध कंपनी. त्या दृष्टीने मी कामालाही लागलो होतो. एका औषध कंपनीतल्या मॅनेजरने टिटवाळ्याला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. त्याचं बाथरूम मी केलं. खालपासून छतापर्यंत, चांगला माल, आणि भाव असा लावला की माझ्याच पोटात दुखलं. बदल्यात प्रांजलला त्यांच्या कंपनीत उन्हाळी ट्रेनिंग. पगारी. आणि काम बरं वाटलं तर पदवीनंतर कायम. असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. आत शिरायला दार लागतं आणि ते दार मी बाथरूम देऊन उघडलं होतं.

प्रांजल म्हणाली, ‘‘बाबा, मी फणसळकर सरांकडे अर्ज केलाय. मला रिसर्च करायचाय.’’

‘‘पगार?’’

‘‘नसतो.’’

‘‘नोकरी?’’

‘‘तसं काही नसतं त्यात.’’

‘‘मग असतं काय?’’

‘‘चिखल,’’ ती म्हणाली आणि हसली.

मला वाटलं, हा माणूस माझ्याकडून टाइल नेतो, ओळखीचा आहे, एक शब्द टाकला तर तो तिला नाही म्हणेल. मी फोन केला. म्हटलं, ‘‘सर, मुलीला घेऊ नका.’’ ते म्हणाले, ‘‘ओळखीवर मी कोणाला घेत नाही. ओळखीवर नाकारणार तरी कसा? मुलाखत होईल.’’

मुलाखतीत ते सगळ्यांना एकच प्रश्न विचारत. तुम्ही कशावर विश्वास ठेवला आणि तो खोटा निघाला? जो म्हणेल ‘असं कधी झालं नाही’, तो घरी. आमच्या कन्येने काय सांगितलं? म्हणाली, ‘‘माझे बाबा सांगायचे की आमच्या दुकानातली टाइल इटालियन आहे. मी शाळेत सगळ्यांना सांगितलेलं. मग एकदा गोडाउनमध्ये गेले तर खोक्यावर मोरबी, गुजरात लिहिलेलं.’’

तिला जागेवर घेतलं. आणि पुढच्या खेपेला दुकानात आल्यावर सर भिंतीवरच्या ‘इटालियन कलेक्शन’ या पाटीकडे बघत उभे राहिले.

‘‘इटालियन डिझाइन,’’ मी म्हणालो. ‘‘मी नेहमी डिझाइनच म्हणतो.’’

‘‘हं,’’ सर म्हणाले. ‘‘सुट्या सात द्या.’’

बाथरूम गेलं ते गेलं. ट्रेनिंगची जागा मॅनेजरने आपल्या मेहुण्याच्या मुलाला दिली. प्रांजल रोज सकाळी सरांच्या चिखलाकडे जायला लागली.

तिचा प्रश्न तिला टाइलवर सापडला नाही, घरात सापडला. माझी आई संध्याकाळी बोंबील निवडत बसली होती आणि सहज बोलून गेली, ‘‘नव्या पुलाखाली आता निवट्या ऱ्हात नाय. वरशी गाड्या धडधडतान, त्या पलतान.’’

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा, डोळे वर काढून उड्या मारणारा मासा. ओहोटी लागली की बिळातून बाहेर येतो आणि चिखलावर फिरायला निघतो. आमच्या जातीत त्याचं कालवण करतात. प्रांजलने आजीचं वाक्य जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले, ‘‘कशावरून?’’ आणि तिचा उन्हाळा ठरला. पुलाखाली आणि पुलापासून लांब, अशा दोन्ही ठिकाणी प्लास्टिक पाइपची चौकोनी चौकट चिखलावर टाकायची आणि चौकटीत निवट्यांची बिळं किती ते मोजायचं.

आईला हे कळलं तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. ‘‘निवट्या काय कोन मोजतं, बाय? निवट्या खातान.’’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘आनि मी बोल्ले ता खोटा हाय का?’’

खाडीकाठी रेतीबंदरला आमच्या ओळखीची माणसं बसतात. ज्या चिखलातून वर यायला मला अर्धं आयुष्य लागलं त्याच चिखलात माझी मुलगी रोज गुडघाभर उतरते, आणि मागे छत्री धरून एक म्हातारा उभा असतो, हे मला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं. एकाने विचारलं, ‘‘भोईरशेठ, धंदा बरा चाललाय ना?’’

शेवटी निकाल आला. पुलाखाली जेवढी बिळं, तेवढीच लांब. फरक नाही. म्हणजे एक बाथरूम, एक नोकरी, एक उन्हाळा, आणि आजीचा अपमान एवढं सगळं घालून मिळालं काय? तर काही नाही.

त्या संध्याकाळी प्रांजल घरी आली ती जिलबीचा पुडा घेऊन. सरांची ती रीत होती. ज्या विद्यार्थ्याला काहीतरी सापडलं त्याला ते म्हणायचे, पुन्हा मोजा. ज्याला काही सापडलं नाही आणि ज्याने ‘काही सापडलं नाही’ असं सरळ सांगितलं, त्याला जिलबी. डोंबिवलीत इतर ठिकाणी बारावीच्या निकालाला पेढे वाटतात. सर ‘फरक नाही’ला जिलबी वाटायचे. आईने एक खाल्ली आणि म्हणाली, ‘‘गोर हाय. पन पुलाखाली निवट्या नाय.’’

मग आला पोस्टरचा दिवस. सुट्टीअखेर ही मुलं आपापलं काम मोठ्या कागदावर मांडून एका हॉलमध्ये उभी राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतात. बाकीच्या विभागांचं सगळं इंग्रजीत चालतं. सरांच्या मुलांना एक जादा नियम होता. प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं. त्याला त्याच्या भाषेत समजावायचं, आणि त्या माणसाने प्रश्न विचारायचे. याला ते ‘घरचा परीक्षक’ म्हणत. घरच्या माणसाला कळलं नाही तर संशोधन झालंच नाही, असा त्यांचा हिशेब. उल्हासनगरचा एक मुलगा आपल्या आजीला सिंधीत शेवाळ समजावत होता आणि ती मध्येच त्याचा शर्ट नीट करत होती. एका मुलीचं घर लांब मराठवाड्यात होतं, तिचं कोणी आलं नव्हतं. सरांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं, तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि विचारलं, ‘‘जेवलीस का तू?’’ विद्यार्थ्याला ‘तू’ म्हणताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, ‘‘हं, सांग आता घरी काय सांगायचंय ते.’’

आमच्या घरून मी गेलो होतो. आई रुसली होती आणि बायकोला माझ्याबरोबर चारचौघांत जायला आवडत नाही, मी भांडतो म्हणून.

प्रांजलने चांगलं सांगितलं. खरं सांगायचं तर मला सगळं कळलं, आणि म्हणूनच मी चिडलो. बिळं मोजली, सारखी निघाली, म्हणून निवट्या सारख्या. मी म्हणालो, ‘‘हे कुठलं गणित? माझ्या गोडाउनला ये. दोन रांगा खोक्यांच्या दाखवतो. खोकी सारखी आहेत म्हणून माल सारखा? एकात सहा टाइल निघतील, एक रिकामंच असेल. खोकी मोजून माल कळतो होय? एका निवटीला एकच बीळ असतं हे कशावरून?’’

ते शेवटचं माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. संगतीचा परिणाम.

प्रांजलचा चेहरा उतरला. आणि सर शेजारच्या पोस्टरवरून जवळजवळ धावत आले. ‘‘हा प्रश्न! अहो प्रांजल, हाच प्रश्न! एका बिळाला दोन-दोन तोंडं असू शकतात. पुलाखाली किती, लांब किती? बघायला हवं. पुन्हा जायला हवं.’’

‘‘तुम्हाला हे आधी माहीत होतं?’’ मी विचारलं.

‘‘शंका होती.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘मी विचारलं असतं तर तो माझा प्रश्न झाला असता. आता तो त्यांच्या घरचा आहे.’’

सही करायच्या वेळी त्यांनी प्रांजलच्या प्रमाणपत्रावर ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ हे छापील शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘काम सुरू आहे.’ अशी पाटी खोदलेल्या रस्त्यावर लावतात! हे प्रमाणपत्र घेऊन ती कुठल्या कंपनीत जाणार? हॉलमध्ये माझा आवाज चढला. लोक वळून बघायला लागले. एका प्रोफेसर बाईंनी मला पाणी आणून दिलं. प्रांजल घरी जाऊन दार लावून रडली. ते माझ्यामुळे की सरांमुळे, ते मी विचारलं नाही. तिची आई म्हणाली, ‘‘एवढ्या सगळ्यांत तुम्हीच बरा प्रश्न काढलात.’’

निघताना मी सरांना एक टोला हाणला होता. म्हटलं, ‘‘सगळ्यांना घरचा परीक्षक लावता. तुमचा कोण आहे?’’

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘‘चला, जिलबी संपेल.’’

तेव्हा मला वाटलं, उत्तर नाही म्हणून पळाले. लग्न झालेलं नसावं अशी माझी आधीपासूनच खात्री होती. संसारी माणूस दुकानात डोळे मिटून टाइलवर उभा राहत नाही.

मग पावसाळा गेला. सर निवृत्त झाले, विद्यापीठाने शाल आणि नारळ दिला, आणि त्यांच्या खोलीत दुसरं कोणीतरी बसायला लागलं. उन्हाळी मुलं घेणं त्या माणसाने बंद केलं, असं प्रांजल म्हणाली. ती मात्र दिवाळीनंतर पुन्हा चिखलात उतरली. आता तिची नवी पद्धत होती. बिळाच्या एका तोंडात रबरी नळीने फुंकायचं आणि दुसऱ्या कुठल्या तोंडातून बुडबुडे येतात ते बघायचं. हे काम जमलं तर चौथ्या वर्षाला तिला त्याच विद्यापीठात संशोधनासाठी घेणार होते. नाही जमलं तर तीन वर्षं शिकून हातात ‘काम सुरू आहे’. घरी ती काही सांगत नव्हती. मी विचारलं की म्हणायची, ‘‘चालू आहे.’’ पोस्टरच्या दिवसापासून माझ्याशी तिचं बोलणं एवढंच होतं.

जानेवारीत एका दुपारी सर दुकानात आले. हंगाम नव्हता. वाळले होते. पायात नेहमीच्या चपला, पण नखांत काळं.

‘‘किती?’’ मी विचारलं.

‘‘एक.’’

एक टाइल मागितल्यावर जो भाव मी सांगतो तो लोकांनी निघून जावं म्हणून असतो. तोच सांगितला. सरांनी खिशात हात घातला आणि पैसे काउंटरवर ठेवले.

मी पैशांकडे बघत राहिलो. कोणी मागेल ते देऊन मोकळं झालं तर मला आनंद व्हायला हवा. मला फसवल्यासारखं वाटलं. पोराला चहा आणायला पाठवावं तर दुकानात कोणी नव्हतं, म्हणून मीच पलीकडून दोन कटिंग घेऊन आलो. तोवर सर टाइलच्या खोक्यावर बसले होते.

‘‘बरं नाहीये का, सर?’’

‘‘बरं आहे. तुम्हाला वेळ आहे का, भोईरशेठ? एक सांगायचं होतं. घरी सांगण्यासारखं आहे, पण घरी...’’ ते थांबले. ‘‘आमची ही होती तेव्हा मी रोज संध्याकाळी तिला सांगायचो. आज प्रयोगशाळेत काय झालं, काय सापडलं. मी तरुण होतो, रोज काहीतरी थोर सापडायचं. ती शाळेत मराठी शिकवायची, विज्ञानाशी तिचा संबंध नाही. भाजी चिरता चिरता ऐकायची आणि वर न बघता म्हणायची, ‘कशावरून?’ मला इतका राग यायचा. मग रात्रभर विचार करायचो, आणि सकाळी पुन्हा प्रयोग लावायचो.’’ त्यांनी चहा फुंकला. ‘‘ती गेल्यावर मला कोणी विचारेना. मग मीच सगळ्यांना विचारत सुटलो.’’

मी म्हणालो, ‘‘चहा गार होतोय.’’

त्यांनी शर्टाच्या खिशातून निळं स्केचपेन काढलं, टाइल मांडीवर घेतली आणि तिच्यावर खाडी काढली. पूल काढला. मग ठिपके द्यायला लागले. ‘‘प्रांजलबाई पुलाच्या या बाजूला मोजतायत. मी त्या बाजूला जातो. त्या यायच्या आत, आणि त्या नसतात त्या दिवशी. फळी टाकतो, तिच्यावर पालथा पडतो आणि फुंकतो. गुडघा त्रास देतो, पण फुंकायला गुडघा लागत नाही.’’

निवृत्त प्रोफेसर फळीवर पालथा पडून निवट्यांच्या बिळात फुंकतोय, आणि ते रेतीबंदरच्या माणसांनी मला सांगितलं कसं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. मग आठवलं. पोस्टरच्या दिवसानंतर मीच सगळ्यांना दम दिला होता, की खाडीचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही.

‘‘तिला ठाऊक आहे?’’

‘‘नाही, आणि सांगायचं नाही. माझं उत्तर त्यांना कळलं तर त्यांची नजर बिघडेल. मग त्या बिळं मोजणार नाहीत, माझं उत्तर मोजतील. पण त्यांचं एकटीचं मोजमाप घेऊन गेल्या तर तिथले लोक विचारतील, हे कशावरून? तेव्हा दुसऱ्या कोणीतरी वेगळं मोजलेलं असावं. खोलवर तपासलेलं.’’ ते टाइलकडे बघत होते. ‘‘त्या दिवशी मी प्रमाणपत्रावर लिहिलं ते बरोबरच होतं. पण त्या रडल्या असं कळलं.’’

‘‘आणि मोजल्यावर काय निघालं?’’

सरांचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत मी तो असा पाहिला नव्हता. ‘‘फरक नाही! बहुतेक बिळांना दोन तोंडं. पुलाखालीही दोन, लांबही दोन. पुलाखाली निवट्या तेवढ्याच आहेत, भोईरशेठ. त्या पळालेल्या नाहीत. प्रांजलबाईंचं पहिलं उत्तर बरोबर होतं!’’

म्हणजे पुन्हा काही सापडलं नव्हतं. आणि त्या सापडलं-नाहीसाठी हा माणूस थंडीत चिखलात पालथा पडत होता, आणि हे सांगायला त्याला सबंध डोंबिवलीत टाइलवाला मिळाला होता. ते माझ्याकडे बघत होते. काहीतरी हवं होतं त्यांना. शाबासकी नको होती. ती तर विद्यापीठाने शालीबरोबर दिलीच होती.

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. शक्य तेवढ्या खडूस आवाजात म्हणालो, ‘‘कशावरून?’’

सर खोक्यावरून उठले. पुन्हा बसले. आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. भरतीला काय होतं, ओहोटीला काय होतं, खेकड्याचं बीळ आणि निवटीचं बीळ वेगळं कसं ओळखायचं, नळी किती आत घालायची. मी मध्ये मध्ये आडवं लावत होतो. दोन बुडबुडे एकाच बिळाचे हे कशावरून? शेजारच्या बिळातून हवा आली नाही हे कशावरून? एकदोनदा ते अडकले. ‘‘हे बघायला हवं,’’ म्हणाले आणि टाइलच्या कोपऱ्यात खूण केली. एक गिऱ्हाईक आलं, ‘किचन प्लॅटफॉर्मसाठी काही दाखवा’ म्हणालं. मी त्याला थांबायला सांगितलं. असं मी कधी करत नाही.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि प्रांजल उतरली. सलवार पोटरीपर्यंत चिखलाने भरलेली, हातात रबरी नळीची गुंडाळी. रेतीबंदरहून परत येताना किल्ली घ्यायला दुकानात येते ती अधूनमधून.

सरांनी तिला काचेतून पाहिलं. बघता बघता त्यांनी शर्टाच्या बाहीने सबंध टाइल पुसली आणि ताडकन उभे राहिले.

‘‘हा भाव? एका टाइलला?’’ ते ओरडले. ‘‘कशावरून?’’

मला समजायला क्षणभर लागला तेवढाच.

‘‘खोकं फोडावं लागतं सर!’’ मीही ओरडलो. ‘‘उरलेल्या टाइल काय तुमच्या निवट्यांना घालू?’’

‘‘पहिल्या प्रतीची आहे हे कशावरून?’’

‘‘इटालियन डिझाइन आहे!’’

‘‘खोक्यावर मोरबी आहे!’’

प्रांजल दारात उभी राहून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. ‘‘अरे यार, तुम्ही दोघं परत चालू झालात? सर, तुम्ही केव्हा आलात?’’

‘‘आत्ताच,’’ सर म्हणाले. ‘‘काय म्हणतायत तुमच्या निवट्या?’’

‘‘अजून थोडं मोजायचंय. पण मला वाटतं,’’ तिने माझ्याकडे एक नजर टाकली, मग कितीतरी दिवसांनी माझ्याशीच बोलल्यासारखं बोलली, ‘‘बाबा, मला वाटतं पहिल्यासारखंच येणार.’’

सरांनी खाली बघितलं. मी खाली बघितलं. काउंटरवर त्यांचे पैसे तसेच पडले होते. ते मी उचलून त्यांच्या खिशात कोंबले आणि म्हणालो की मला असलं चिल्लर गिऱ्हाईक परवडत नाही, पुढच्या वेळी खोकं घ्यायचं असेल तर यावं. ते कोरी टाइल काखेत मारून निघाले. बाहीभर निळी शाई. प्रांजलने विचारलं, ‘‘सरांच्या शर्टाला काय लागलंय?’’

‘‘मला काय माहीत,’’ मी म्हणालो आणि थांबलेल्या गिऱ्हाइकाकडे वळलो.